आत्महत्या रोखण्याची सेवा आखताना त्यातून गेलेल्यांना नेमकं कधी बोलवायचं?

रानजाई
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या जिल्ह्यात एक संस्था सरकारी रुग्णालयाबरोबर नवीन काम सुरू करते आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस घरी गेला की पुढचे काही महिने त्याच्याशी संपर्क ठेवायचा, असं ते काम. आखणीसाठी दोन बैठका ठेवल्यात आणि मला 'अनुभवातून गेलेली व्यक्ती' म्हणून बोलावलंय. हो, मी त्यातून गेलेय. आता बरी आहे, नोकरी करते, जवळच्या माणसांना सगळं माहीत आहे.

निमंत्रणाबरोबर कार्यक्रमपत्रिका आली. सुरुवातीला माझं 'मनोगत', मग चहा, मग तज्ज्ञांची चर्चा आणि निर्णय. चर्चेत माझं नाव नाही. म्हणजे मी बोलून सगळ्यांचे डोळे ओले करायचे आणि ठरवायचं त्यांनी.

मला हे पटत नाही. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे, हे डॉक्टरही सांगतात. पण त्या आठवड्यांत दारावर कोण आलेलं चालतं, कुणाचा फोन उचलावासा वाटतो, कुठल्या प्रश्नानं माणूस मिटून जातो, हे आम्हाला माहीत असतं. मला घरी सोडताना जे कार्ड दिलं त्यावर पुढची तारीख आणि 'मानसोपचार ओपीडी' एवढंच लिहिलेलं होतं. त्या ओपीडीच्या केसपेपरची रांग अपघात विभागाच्या दारावरून जायची. त्याच दारातून मला स्ट्रेचरवरून आत नेलं होतं. मी गेलेच नाही. का आली नाहीस, हेही कुणी विचारलं नाही. रांग दुसरीकडून काढायला असा कितीसा खर्च आला असता?

बैठकीत मी काय मागू? कुणी अशा कामात भाग घेतलाय का? त्यातून गेलेले, घरातलं माणूस गमावलेले, डॉक्टर, आशाताई, सगळ्यांनी लिहा. फक्त 'कसं केलं' याचे तपशील कुणीही लिहू नका, ही विनंती.

व्यवस्थापक
धागा खुला ठेवतो आहोत. रानजाईंची शेवटची विनंती सगळ्यांना लागू आहे, तसे तपशील आले तर प्रतिसाद काढला जाईल. वाचताना कुणाला जड झालं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. किंवा घरातल्या कुणाला तरी आत्ताच हाक मारा.

पेठेतली_मावशी
रानजाई, धीराची आहेस हो. मनोगत झालं की शाल-श्रीफळ आणि गुलाबाचं फूल येणार बघ. शाल घे, थंडीत कामाला येते, पण खुर्ची सोडू नकोस. चर्चा संपेपर्यंत बसून राहा.

कोरडवाहू
मी विदर्भातला. माझा मोठा भाऊ गेला. त्यानंतर आमच्याकडे जे जे आले ते तपासायला आले. तलाठी, पोलीस पाटील, मग तालुक्याचे साहेब. शेत कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, वसुलीचा तगादा होता का. त्यावरून ठरते 'पात्र' की 'अपात्र'. पात्र ठरलं तर सरकारची एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि बाकीचे ठेव म्हणून. भावाचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं होतं, म्हणून आम्ही अपात्र.

पैसे नाही भेटले त्याचं दुःख आहेच. पण एवढ्या लोकांत एकानंही वहिनीला विचारलं नाही, बाई तुला आत्ता काय पाहिजे. तिला पहिले सातबाऱ्यावर नाव पाहिजे होतं आणि पोराची शाळा सुटायला नको होती. रात्री झोप नव्हती तिला. तिच्या मनात काय चालू आहे हे विचारायचा रकानाच कुठल्या कागदात नव्हता.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, यांनी २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायांकडे जाऊन विचारलं. कितीतरी जणींच्या नावावर जमीन झाली नव्हती, घरही नाही. विचारलं तेव्हाच हे वरपर्यंत गेलं ना.

रानजाई, तुमच्या बैठकीत विचारा, मागे राहिलेल्यांपैकी कोण आहे टेबलावर? एखाद्या घरातून माणूस गेला की त्या घरातल्या बाकीच्यांनाही धोका असतो, हे तर डॉक्टरच सांगतात.

डॉ_निरंजन
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

रानजाईंचा रांगेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. अशा गोष्टी आम्हाला दिसत नाहीत, कारण आम्ही दुसऱ्या दारानं आत जातो. पण मला दोन काळज्या वाटतात. पहिली, एकाचा अनुभव तो एकाचा असतो. कुणाला रोज फोन हवा असतो, कुणाला फोनची रिंगसुद्धा सहन होत नाही. एका व्यक्तीच्या सांगण्यावर जिल्ह्याची सेवा बेतली तर दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं. दुसरी, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लोकांसमोर सांगण्याचा त्या माणसावर काय परिणाम होतो? बैठक पाचला संपते, सगळे गाडीत बसून जातात. त्या रात्री त्या व्यक्तीजवळ कोण असतं? हे ठरवल्याशिवाय कुणाला बोलावणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

आणि जोखीम किती आहे याचा निर्णय प्रशिक्षित माणसानंच घ्यावा. देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही हे मान्य, पण म्हणून ते काम कुणावरही सोपवता येणार नाही.

रानजाई
डॉक्टर, राग कशाला? दुसरी काळजी माझ्या आईनंही बोलून दाखवली. पण त्यावर उपाय मला न बोलावणं हा नाही. माझी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, आणि मसुद्यावर बोलायला बसवा. मसुद्यावर बोलताना मला त्रास होत नाही. उलट तिथे मला ताकद येते.

ॲड_मृदुला
कायद्याचं थोडं सांगते, बैठकीत उपयोगी पडेल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग लोक वाचत नाहीत: पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून उपचार, काळजी आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. म्हणजे तुमच्याकडची सेवा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा ठेवलाय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. याच २०१७ च्या कायद्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजारातून गेलेल्यांच्या आणि काळजीवाहकांच्या प्रतिनिधींना जागा ठेवली आहे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळातही न्यायाधीश, डॉक्टर यांच्या बरोबरीनं अशा दोन सदस्यांची तरतूद आहे, आणि ते सदस्य म्हणून निर्णयात भाग घेतात. कायद्यानं ज्यांना सदस्य मानलं, त्यांना संस्थेनं 'मनोगता'पुरतं बोलवावं हे कसं चालेल? असं सरळ विचारा.

तुरीची_शेंग
पण ताई, अजूनही रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतातच की. आमच्या शेजारच्या मुलीचा जबाब वॉर्डात, आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे ऐकत असताना घेतला. सासू उशाशी उभी. काय सांगणार ती?

ॲड_मृदुला
हो, नोंद होते. ती कशी घ्यायची, कुठे घ्यायची, सोबत कोण असावं, यात सुधारणेला भरपूर वाव आहे आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही. रानजाई, हा मुद्दा टिपून ठेवा.

आशाताई_मराठवाडा
मी आशा आहे. आमच्याकडं शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्प आला तेव्हा घरोघर जाऊन विचारायचे प्रश्न दिले. काम चांगलं आहे, माणसं सापडली, दवाखान्यात पोचवली. पण एक सांगते.

माझी पिशवी गल्लीतल्या पोरासोरांना ओळखू येते. ज्या घरात गरोदर बाई नाही, तान्हं लेकरू नाही, त्या घरी मी दर आठवड्याला गेले की संध्याकाळपर्यंत गाव विचारतं, आशाताई कशाला आली होती? तीन-चार खेपांनंतर एका बाईनं मला बघून दार लोटलं. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

मग तीच मला नंतर शेतात भेटली आणि म्हणाली, ताई, तुम्ही घरी नका येऊ, बचत गटाच्या दिवशी मी तासभर आधी येते, तिथं बसू. तेव्हापासून मी अशा बायांना गटाच्या दिवशीच भेटते. आता बाप्यांचं काय करायचं ते मला अजून उमगलं नाही. ते गटालाही येत नाहीत आणि माझ्याशी बोलतही नाहीत.

ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात नव्हती. त्या बाईला आधीच विचारलं असतं तर त्या खेपा वाचल्या असत्या आणि तिची बदनामीही.

कोरडवाहू
आशाताई, बाप्ये पानटपरीवर बोलतात, कृषी केंद्रात बोलतात. पंचेचाळिशीच्या माणसाला दुसरा पंचेचाळिशीचाच पाहिजे, ज्याचंही पीक बुडालं आहे.

आकडेमोड
भावना समजतात, पण थोडं थंड डोक्यानं बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या. त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. देशातल्या एकूण आकड्यात रोजंदारीवाले २६ टक्क्यांच्या वर, गृहिणी जवळपास १५ टक्के. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आहे.

आता सांगा, या बैठकांना कोण येतं? शिकलेले, शहरातले, नीट बोलता येणारे. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा खाडा करून येणार आहे का? त्यामुळे 'अनुभवी प्रतिनिधी' म्हणून जो येतो तो ज्यांचे आकडे मोठे त्यांचा प्रतिनिधी नसतोच. शिवाय जे गेले ते काय सांगणार असते, हे वाचलेल्यांच्या सांगण्यावरून पूर्ण कळत नाही. म्हणून पुरावा आधी, अनुभव नंतर, असं माझं मत.

वरुडची_संत्री
आकडेमोड, पुरावाच घ्या. आमच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, ३० गावांत, दीड वर्ष. गावपातळीवर शिकवून तयार केलेली माणसं, वर समुपदेशक, त्याच्या वर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी कुठे तरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात छापून आलंय. गावातल्या बोलीत, गावातल्या माणसानं विचारलं म्हणून लोक बोलले.

आकडेमोड
आकडे चांगले आहेत, माहीत आहेत. पण ती गावातली माणसं 'त्यातून गेलेली' म्हणून निवडलेली नव्हती. स्थानिक असणं वेगळं आणि अनुभवी असणं वेगळं. दोन्हींची सरमिसळ करून चालणार नाही.

वरुडची_संत्री
हे मान्य. पण पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा 'आत्मीयता' प्रकल्प नाशिक जिल्ह्यात सुरू झाला आणि मग गुजरातेत मेहसाण्यात गेला, तिथेही सूत्र तेच की गावातलाच माणूस पहिली चार वाक्यं बोलतो. पुढची पायरी म्हणून त्यातून गेलेल्यांना आखणीत घ्यायला काय हरकत? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे आपण उगीच म्हणत नाही.

यारा_काठी
मेलबर्नहून लिहितेय. इथल्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयानं २०१८ मध्ये 'सेफ हेवन कॅफे' सुरू केला. अपघात विभागात तासन् तास ताटकळण्याऐवजी संध्याकाळी इथे येऊन बसायचं. चहा-कॉफी, सोफे, खेळायला पत्ते, हवं तर गप्प बसा. बोलायला असतात ते स्वतः मानसिक त्रासातून गेलेले, प्रशिक्षण घेतलेले आणि पगारी कर्मचारी. जोडीला वैद्यकीय कर्मचारीही. डॉक्टर निरंजन, म्हणजे जोखमीचा निर्णय कुणी कुणाकडून काढून घेतलेला नाही, दोघं एका छताखाली आहेत. असं ठिकाण नंतर इथे बऱ्याच शहरांत निघालं.

'रोझेस इन द ओशन' ही संस्था तर एका बहिणीनं भाऊ गमावल्यावर उभी केली. सेवा आखायला बसायचं म्हणजे काय याचं प्रशिक्षण ती अनुभवी लोकांना देते. बैठकीआधी फोन, नंतर फोन, मधेच उठून बाहेर जायची मुभा, हे आधीच ठरलेलं असतं. मी इथे एका स्थानिक सल्लागार गटात होते. बसण्याचं मानधन तासावर मिळायचं आणि मसुदा आठवडाभर आधी हातात असायचा. एकट्या माणसाला कधीच बोलवत नाहीत, निदान दोघं-तिघं. एकटं असलं की आपण सगळ्यांच्या वतीनं बोलतोय असं ओझं येतं.

पेठेतली_मावशी
पत्ते आणि चहा! आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दोन्ही आहे, पण तिथे कुणी मनातलं बोललं की दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापर्यंत पोचतं.

साधा_माणूस_७४
पण यासाठी पैसे घ्यायचे? मला नाही पटत. हे सेवेचं काम. दुःखाचं मानधन कसं घेणार?

तुरीची_शेंग
टेबलाच्या त्या बाजूचे सगळे पगारावर आलेले असतात, साधा_माणूस. मग या बाजूच्यानं भाडं भरून, रजा टाकून का यायचं? आकडेमोड म्हणतात ना की गवंड्याचा मजूर येत नाही. त्याची हजेरी भरून द्या, येईल.

आकडेमोड
हे मात्र पटलं. हजेरी भरून देणार असाल तर प्रतिनिधित्वाचा माझा अर्धा आक्षेप निकालात निघतो.

ऐकणारा_कान
मी पुण्यात एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे. फोनबद्दल लिहितो, कारण रानजाईंच्या सेवेचा कणा फोनच असणार.

पहिलं, फोन कुणाच्या हातात जातो? पुष्कळ बायांचा दिलेला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. 'रुग्णालयातून बोलतोय' असं त्यांना सांगितलं की त्या बाईची संध्याकाळ काय होते याचा विचार करा. घरी सोडण्याआधीच तिला विचारायला हवं, कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्यानं उचलला तर आम्ही काय सांगू. दुसरं, अनोळखी नंबर आता कुणी उचलत नाही, सगळ्यांना कर्जाचे आणि फसवणुकीचे फोन येतात. कर्जात बुडालेला माणूस तर मुळीच उचलत नाही. जी व्यक्ती फोन करणार तिनं वॉर्डात येऊन एकदा तोंड दाखवावं, नंबर तिथेच नावानं सेव्ह करून द्यावा.

तिसरं, आत्महत्येबद्दल सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. पण विचारायचं ते आधी जेवलात का, झोप लागली का, हे बोलून झाल्यावर. यादीतला पहिला प्रश्न म्हणून वाचून दाखवला की समोरचा 'नाही' म्हणून मोकळा होतो. हे मला त्यातून गेलेल्या एका सहकाऱ्यानं शिकवलं.

होस्टेल_बी_ब्लॉक
विद्यार्थ्यांचंही बोला. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. तमिळनाडूत नापास झालेल्यांना वर्ष न घालवता लगेच पुरवणी परीक्षा द्यायला मिळावी, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला आणि ते झालं. मुलांची खरी भीती वर्ष वाया जाण्याची होती, पोस्टर लावून ती जात नव्हती. आमच्या कॉलेजात मानसिक आरोग्य समिती आहे, त्यात एकही विद्यार्थी नाही. आणि नियम असा की समुपदेशकाकडे गेलं की घरी कळवणार. मग जातं कोण?

कोरडवाहू
जरा विषय सोडून, मृदुलाताई, वहिनीच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडेच खेटे घालावे लागतात का?

ॲड_मृदुला
नाही, 'ई-हक्क' प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र जोडा. अर्ज क्रमांक जपून ठेवा. अडलात तर मला व्यक्तिगत संदेश पाठवा, कागद मी बघून देते, फी नाही.

डॉ_निरंजन
सगळं वाचलं. 'जोखमीचा निर्णय प्रशिक्षितानं घ्यावा' यावर मी ठाम आहे. पण इथे आलेल्या सूचना बघितल्या तर फोन, जागा, जबाब, रांग, हजेरी, यातली एकही जोखमीच्या निर्णयाची नाही आणि यातली प्रत्येक गोष्ट रुग्ण परत येतो की नाही ते ठरवते. रानजाई, तीन गोष्टी लेखी मागा: मसुदा आधी, सोबत आणखी निदान दोन अनुभवी व्यक्ती, आणि बैठकीनंतर संपर्काला एक नेमलेलं माणूस. 'मनोगत' ऐच्छिक करा म्हणावं.

रानजाई
पहिली बैठक झाली. आधी पत्र पाठवलं होतं, डॉक्टरांच्या तिन्ही मागण्या घालून. मसुदा आदल्या दिवशी मिळाला, तोही अर्धा. आणखी एक गृहस्थ होते, रिक्षा चालवतात, माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट बोलले. मनोगत वगळलं.

काय मान्य झालं ते सांगते. केसपेपर वॉर्डातच काढून देणार, रांग नाही. फोन करणारी व्यक्ती आधी वॉर्डात भेटणार. कुठल्या नंबरवर, किती वाजता, हा रकाना घातला. जबाबाबद्दल म्हणाले, पोलिसांशी बोलावं लागेल, पण निदान वेगळ्या खोलीची सोय रुग्णालय करू शकतं. मानधनाला नकार, प्रवासखर्च फक्त. रिक्षावाले दादा म्हणाले, माझी सकाळची भाडी गेली त्याचं काय? त्यावर कुणी बोललं नाही. मागे राहिलेल्या घरांचा विषय 'पुढच्या टप्प्यात' ढकलला. यावर मी गप्प बसणार नाही, दुसऱ्या बैठकीत हा पहिला विषय म्हणून द्यायला सांगितलंय.

मसुद्याची पानं नावं काढून इथे टाकते. कोरडवाहू, वहिनींना वाचून दाखवाल का? जिल्हा वेगळा असला तरी त्यांचं मत मला हवंय.

कोरडवाहू
काल रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं तिनं. मग विचारलं, फोन करणारी बाई दर वेळी तीच राहील का? का दर महिन्याला नवीन बाईला पहिल्यापासून सांगायचं?

आशाताई_मराठवाडा
लाख मोलाचं विचारलं वहिनींनी. रानजाईताई, हे नक्की घाला. समुपदेशक ११ महिन्यांच्या कंत्राटावर असतात, माणूस जुळतो तोवर बदलून जातो. सोडून जाणाऱ्यानं नवीन माणसाची ओळख स्वतः करून द्यायची, एवढं तरी मसुद्यात लिहून घ्या.

रानजाई
घातलं. पान दुसरं, मुद्दा पहिला.